गुंडूचं अर्धं तिकीट

आमच्या घरात गुंडू नावाचा मुलगा राहायचा, हे मला थोरल्या बहिणीकडून नाही, आत्याकडून कळलं. गुंडू बहिणीचा मित्र. तिच्याशिवाय तो कुणाला दिसत नसे. आज तिला विचारलं तर ती नुसती हसते आणि म्हणते, "मला काहीच आठवत नाही गं." आत्याला मात्र सगळं तोंडपाठ आहे. तो कणगीमागं राहायचा, त्याला वांग्याची भाजी आवडायची नाही आणि बहिणीपेक्षा वयानं मोठा असूनही अंधाराला भ्यायचा.

आज्जी बहिणीच्या ताटाशेजारी भाकरीचा चतकोर ठेवायची. जेवणं उरकली की चतकोर कोंबड्यांना जायचा आणि आज्जी म्हणायची, "आज कोरडीच खाल्ली बिचाऱ्यानं." एकदा आमच्या कुरुळी गावाहून एसटीनं चाकणच्या बाजाराला निघालेली असताना बहीण हटून बसली की गुंडूचं अर्धं तिकीट काढा. वडील संकोचले. कंडक्टरनं खाली पडलेलं एक जुनं तिकीट उचललं, त्याला चिमट्यानं आणखी एक भोक पाडलं आणि तिच्या हातात दिलं. ते तिकीट पुढं कितीतरी दिवस देव्हाऱ्यात होतं म्हणे.

सगळ्यांनाच हे रुचत नव्हतं. आळीतल्या म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, पोरीला बाहेरचं लागलंय, दृष्ट काढा. आज्जीनं त्यांचाही मान राखला. मीठ-मोहऱ्या बहिणीवरून उतरवल्या आणि तिनं दाखवलं तिथं हात फिरवून गुंडूवरूनही उतरवल्या. मानसशास्त्राचं पुस्तक जिनं कधी हातात धरलं नाही, त्या बाईला हे शहाणपण कुठून आलं असेल, याचं मला फार नवल वाटतं.

कारण या विषयाचा जन्मभर अभ्यास केलेली माणसंही अखेर तिथंच पोचली आहेत. अमेरिकेतल्या ऑरेगॉन विद्यापीठातल्या मार्जोरी टेलर यांनी 1999 मध्ये या अदृश्य सोबत्यांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. 2004 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सात वर्षांची होईपर्यंत 65 टक्के मुलांना कधी ना कधी असा सोबती होता, असं आढळलं. यात बाहुल्या-खेळण्यांना जिवंत मानून केलेली मैत्रीही धरली आहे. बऱ्याच आईवडिलांना त्याचा पत्ताच नव्हता. मला सर्वांत भावलं ते हे, की आपला मित्र खोटा आहे हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. प्रश्न विचारणाऱ्या बाई फारच गंभीरपणे लिहून घेऊ लागल्या की काही मुलं त्यांनाच सांगत, अहो, हे नुसतं खेळातलं आहे. म्हणजे बाहेरचं काही लागलेलं नसतं आणि डोक्यातही काही बिघडलेलं नसतं. मूल स्वतःशी बोलून भीती, राग, एकटेपणा यांतून वाट काढत असतं. गुंडू अंधाराला भ्यायचा, याचा अर्थ आज्जीला नक्की कळला होता.

ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या मुलीनं, झाकलीननं, चौथ्या वर्षाच्या आसपास पक्ष्यासारखा एक विचित्र प्राणी सोबतीला घेतला होता. बापानं तो खोडून काढला नाही, तर तारीखवार लिहून ठेवला. त्या नोंदी 1945 च्या त्यांच्या पुस्तकात आल्या, म्हणूनच आज आपण झाकलीनच्या त्या सोबत्याबद्दल बोलू शकतो.

आपल्याकडे नामदेवांची कथा घरोघरी ठाऊक आहे. लहानग्या नामदेवानं नैवेद्य पुढं ठेवला आणि विठ्ठल जेवल्याशिवाय हलायचं नाही म्हणून हट्ट धरला. त्यांच्याच घरी वाढलेल्या जनाबाईंसोबत विठ्ठल दळायला बसायचा. तो सोबती कल्पनेतला होता असं म्हणायची माझी प्राज्ञा नाही, तसं म्हणायचंही नाही. पण शतकानुशतकं या कथा सांगत आलेल्या आपल्या समाजानं घरातल्या पोराला "कुणाशी बोलतोस रे वेड्यासारखा?" म्हणून दटावावं, हे मला पटत नाही.

आता कुरुळी बदलली. शेतांच्या जागी कंपन्यांच्या शेड उभ्या राहिल्या आणि वाड्यांच्या मागं भाड्याच्या खोल्यांच्या रांगा झाल्या. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली जोडपी तिथं राहतात. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो, म्हणून पोरानं आवाज करायचा नाही. आजी गावाकडं. आमच्या मागच्या खोलीतल्या चार वर्षांच्या मुलाचा मित्र मोनू. मोनूच्या गळ्यात कंपनीचं आयकार्ड आहे आणि तो सेकंड शिफ्टला जातो. रात्री कंपनीची बस दारात वाजली की हा पडल्या पडल्या पुटपुटतो, "आला." धुणं धुताना त्याच्या आईनं मला हे सांगितलं. काळजीनंच सांगितलं, डॉक्टरला दाखवू का म्हणून.

मूल नीट खातंय, झोपतंय, इतर पोरांत खेळतंय तोवर दाखवायची गरज नाही, हे मी तिला सांगितलं. मित्राला मूलच घाबरू लागलं, तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कर म्हणतो असं सांगू लागलं किंवा माणसांत यायचंच बंद झालं, तर मात्र लगेच दाखवावं. मला काळजी वेगळी वाटते. मोनूला पाहणारं त्या खोलीत आईशिवाय कुणी नाही आणि आईलाही उसंत नाही. मूल असे मित्र विसरतं. तेव्हा आठवण ठेवायची ती घरच्यांनी. आत्या नसती तर आमचा गुंडू कधीच पुसला गेला असता.

म्हणून एक विनंती. या आठवड्यात घरातल्या सर्वांत वयस्कर बाईशेजारी बसा. आत्या, मावशी, आजी, जी कुणी असेल ती. दूर असेल तर फोन करा. लहानपणी आमच्यापैकी कोण एकटंच कुणाशी बोलायचं, हे विचारा. मित्राचं नाव, तो कुठं राहायचा, काय खायचा, घरच्यांनी त्याला कसं वागवलं, हे तिच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. आणि खाली तारीख घाला.