घर राहिले, बिऱ्हाड गेले

शहरातील जुनी वस्ती दोन प्रकारांनी मरते. पहिले मरण सर्वांच्या डोळ्यांदेखत येते. कौले फुटतात, वासे कुजतात, एखाद्या आषाढात भिंत बसते आणि दोन-चार वर्षांत त्या जागी बहुमजली इमारत उभी राहते. दुसरे मरण मात्र दिसत नाही. उलट त्या वस्तीला कधी नव्हे ती कळा आल्यासारखी वाटते. भिंतींना रंग चढतो, खिडक्यांना नवी तावदाने बसतात, गल्लीत परगावच्या लोकांची रीघ लागते. फक्त आत चूल पेटत नाही. घर राहते, बिऱ्हाड जाते. मुंबईत गिरगावच्या खोताच्या वाडीत पहिल्या प्रकारच्या मरणाने आपले काम बरेचसे उरकले आहे. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये दुसऱ्या प्रकारचे मरण उंबऱ्यावर येऊन उभे आहे.

हा विषय आम्ही आज पहिल्या पानावर मांडीत आहोत, याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. वऱ्हाडात, मंगरूळपीरसारख्या गावी बसून पणजीतल्या बाल्कनीवाल्या घरांची काळजी कशाला वाहावयाची, असा प्रश्न कोणी केल्यास तो गैर म्हणता येणार नाही. परंतु सुटीत गोव्याला जाऊन त्या रंगीत भिंतीपाशी उभा राहणारा वाचक आमचाच आहे. शिल्लक टाकलेल्या पैशातून गोव्यात एखादे घर घेऊन ते पाहुण्यांना भाड्याने देण्याचा विचार करणाराही आमचाच आहे. आणि ज्याच्या आजोबांनी बांधलेल्या वाड्यात तीन बिऱ्हाडे जुन्या भाड्यावर राहत आहेत, तो घरमालक व ती तीन बिऱ्हाडे, सारेच आमचे वाचक आहेत. तेव्हा प्रश्न पणजीचा असला, तरी त्याचा हिशेब घरोघरचा आहे.

फोंतेन्हास हे नाव पडले ते आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यावरून. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे माडांची बाग होती. पोर्तुगीजांची राजधानी १८४३ मध्ये अधिकृतपणे पणजीस आली, तेव्हापासून कारकून, वकील, कारागीर, शिक्षक अशा लोकांनी ही वस्ती दाट होत गेली. सान सेबास्तियनचे कपेल, त्यापलीकडे मळा आणि तेथील टेकडीच्या उतारावरचे मारुतीचे देऊळ, ही सारी हाकेच्या अंतरावर आहेत. मंगरूळपीरच्या वाचकाला हे सांगून समजावयास नको. ज्या गावाच्या नावातच पीर आहे, जेथे दादा हयात कलंदरांचा दर्गा आणि बिरबलनाथांचे देवस्थान ही दोन्ही गावाची भूषणे मानली जातात, तेथल्या माणसाला मारुतीची जत्रा व सेबास्तियनचे फेस्त एकाच वस्तीत कशी नांदतात, हे उमगते.

खोताच्या वाडीची कहाणी थोडी निराळी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थाने आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले आणि तेथे लाकडी जिने, पुढे ओटी व वर कौले अशी घरे उभी राहिली. आपण त्यांना पोर्तुगीज धाटणीची घरे म्हणतो. पण त्यांतील माणसे येथल्याच मातीतली व त्यांची बोली मराठीचीच एक बोली. एके काळी या वाडीत पासष्टच्या आसपास घरे होती. आज त्यांच्या निम्मीही उरलेली नाहीत. म्हणूनच ‘परकीयांच्या खुणा जपावयाच्या कशाला?’ हा आक्षेप आम्हांस निराधार वाटतो. फोंतेन्हासचा चिरा गोव्याच्या खाणीतला, तो रचणारा गवंडी गोव्याचा आणि त्यात चार पिढ्या काढणारे कुटुंबही गोव्याचेच. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला. आता ही घरे आपली आहेत आणि ती सांभाळण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

ती सांभाळली का जात नाहीत? येथे घरमालकास खलनायक ठरविण्याची आपल्याकडील जुनी सवय प्रथम सोडली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर शहरांत माणसांचे लोंढे आले, घरे अपुरी पडली आणि मनमानी भाडेवाढीस आळा घालणे सरकारला भाग पडले. मुंबई राज्यात १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला. आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडात १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश आला. गोव्यात १९६८ चा कायदा आला. उद्देश न्याय्य होता. या कायद्यांनी लक्षावधी कुटुंबांना छप्पर दिले, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण मुंबईच्या कायद्याने प्रमाण भाडे १९४० च्या पातळीला जखडून ठेवले आणि ते तेथेच राहिले. चुना, लाकूड, कौले, गवंड्याची मजुरी या सर्वांचे भाव वाढत गेले. भाडे तेवढे वाढले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात या गोठवणुकीस अवाजवी व मनमानी ठरविले. त्यानंतर आलेला महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला व त्याने मुंबई, वऱ्हाड आणि मराठवाडा येथील तिन्ही जुने कायदे एका छत्राखाली आणले. दरसाल चार टक्के भाडेवाढ करण्याची मुभा त्याने मालकास दिली. परंतु मूळ आकडाच जेथे क्षुल्लक, तेथे त्याचे चार टक्के म्हणजे दर्यामे खसखस.

याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. मालक म्हणतो, एवढ्या भाड्यात मी कौले कशी शाकारू? बिऱ्हाडकरू म्हणतो, घर माझे नाही, मी का शाकारू? दोघांच्या या वादात पाणी मुरत राहते आणि एके दिवशी वासा मोडतो. गोव्यात यात आणखी एक गाठ आहे. तेथे पोर्तुगीज काळातील १८६७ च्या नागरी संहितेपासून चालत आलेल्या वारसा-पद्धतीनुसार सर्व मुलामुलींना इस्टेटीत हक्काचा वाटा मिळतो. ही तरतूद न्यायाचीच आहे. पण तीन पिढ्यांनंतर एका घराचे पंधरा-वीस वाटेकरी होतात. कोणी लिस्बनला, कोणी मुंबईस, कोणी कॅनडात. घरपट्टी भरावयास व कौलांवर माणूस चढवावयास मात्र पणजीत राहिलेली एखादी वृद्ध बहीणच उरते.

अशा घरमालकाच्या दारी आज नवा ग्राहक आला आहे. त्यास वर्षभराचे घर नको, चार रात्रींची खोली हवी आहे. जुने बिऱ्हाड वर्षात जेवढे भाडे देई, तेवढे कित्येकदा तो दोन-तीन रात्रींत देऊन जातो. भाडेकरूचा हक्क लागण्याची भीती नाही, न्यायालयाच्या खेपा नाहीत, खोली रिकामी व्हावयाची ती ठरल्या दिवशी होते. थकलेल्या मालकाला यात मोह पडला, तर त्यास दोष कोणी द्यावा? किंबहुना फोंतेन्हासमधील काही घरे आज उभी आहेत, ती पाहुण्यांच्या पैशानेच दुरुस्त झाली म्हणून, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

परंतु मोह क्षम्य असला, तरी त्याचा शेवट काय, हे पाहणे समाजाचे काम आहे. एका घरात पाहुणे आले तर गल्लीला शोभा येते. दहांपैकी आठ घरांत आले तर गल्ली उरत नाही. शाळेतील मुले कमी होतात, किराणा दुकानाच्या जागी उपाहारगृह येते, पाववाल्याला दारे सापडत नाहीत, आणि राहिलेल्या कुटुंबांना स्वतःच्या दाराशी ‘येथे छायाचित्रे काढू नयेत’ अशा पाट्या लावाव्या लागतात. फोंतेन्हासमध्ये अशा पाट्या लागल्या आहेत. आपल्या ओटीवर बसण्यासाठीही ज्यांना परक्यांची गर्दी सरण्याची वाट पाहावी लागते, त्यांच्या वस्तीस जिवंत वस्ती म्हणावयाचे की नाटकाचा पडदा?

या वाटेचा शेवट पाहावयाचा असेल, तर खुद्द पोर्तुगालकडेच बोट दाखविता येईल. लिस्बनमध्येही १९४८ साली भाडी गोठविण्यात आली होती आणि तेथेही जुनी घरे दुरुस्तीवाचून खंगली. मग २०१२ मध्ये भाड्यावरील बंधने एकदम सैल झाली. त्याच वर्षी घर विकत घेणाऱ्या परदेशीयांना वास्तव्याचा परवाना देण्याची योजना निघाली. २०१४ मध्ये पाहुण्यांसाठी घरे देण्याचे नियम सुलभ झाले. अल्फामासारखा जुना मोहल्ला काही वर्षांत देखणा झाला आणि त्याबरोबरच तेथील म्हाताऱ्या बिऱ्हाडकरूंची पांगापांग झाली. पुढे २०१८ मध्ये नगरपालिकांना अशा घरांवर मर्यादा घालण्याचा अधिकार द्यावा लागला, २०२३ मध्ये शहरी भागांत नवे परवानेच थांबवावे लागले आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने ती बंदी पुन्हा शिथिल केली. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलेल्या राज्यकर्त्यांना मध्य सापडणे किती कठीण जाते, याचा हा धडा आहे.

तो मध्य आम्हांस पुढीलप्रमाणे दिसतो. पाहुण्यांसाठी खोल्या देण्याची परवानगी, ज्या घरात मालक अथवा त्याच्या वारसांपैकी कोणी स्वतः राहतो, त्याच घरास असावी. न्यू यॉर्कसारख्या शहरानेही तीस दिवसांहून कमी मुदतीच्या भाड्यासाठी यजमान त्याच घरात राहत असला पाहिजे, हा दंडक २०२३ पासून कसोशीने लावला आहे. गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे. तो कागदावर न ठेवता वस्तीवार मर्यादेसह राबविणे अशक्य नाही.

परंतु नुसती बंदी घालणे हा अर्धा उपाय झाला. वर्षभराच्या बिऱ्हाडकरूला घर देणाऱ्या मालकाचा तोटा समाजाने काही अंशी भरून दिला पाहिजे. अशा घराला घरपट्टीत सूट द्यावी. जुन्या घराच्या दुरुस्तीस मिळणारे अनुदान, आत कुटुंब राहत असल्यास आधी मिळावे. आणि जुनी भाडी दुरुस्तीच्या खर्चाशी निगडित करून ठराविक वर्षांनी वाढवावीत. वाढलेल्या भाड्याचा ठराविक हिस्सा मालकाने घराच्या डागडुजीसाठी निराळा ठेवावा व त्याचा हिशेब बिऱ्हाडकरूस दाखवावा. भाडे वाढले आणि छप्पर गळतेच राहिले, असे होता कामा नये.

मालकांनीही काही पथ्ये पाळावयास हवीत. ‘तोंडी ठरले आहे’ या तीन शब्दांनी आपल्याकडे जेवढी घरे बुडविली, तेवढी वाळवीनेही बुडविली नसतील. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार नसल्यास वाद उपस्थित झाला असता बिऱ्हाडकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. परगावी असलेल्या वाटेकऱ्यांनी एकमताने एकाला मुखत्यारपत्र द्यावे आणि खर्चाचा वाटा उत्पन्नाच्या वाट्याप्रमाणेच उचलावा. उत्पन्नाच्या वेळी वीस वारस आणि कौले शाकारावयाच्या वेळी एक, ही रीत बरी नव्हे.

बिऱ्हाडकरूही सर्वस्वी निर्दोष नाहीत. स्वतः उपनगरात नवे घर घेऊन जुन्या खोलीला कुलूप लावून ठेवणारे, जुन्या भाड्याची खोली चढ्या भावाने दुसऱ्यास देणारे लोक आपल्या परिचयाचे आहेत. वाजवी कारणावाचून सहा महिने जागा न वापरल्यास ती परत मागण्याचा हक्क कायद्याने मालकास दिला आहे, तो याचसाठी. कायद्याचे संरक्षण डोक्यावरच्या छपरासाठी आहे, ते नफ्यासाठी वापरणाऱ्यांनी प्रामाणिक बिऱ्हाडकरूंचाच पक्ष दुबळा केला आहे.

‘घर आमचे, ते कसे वापरावयाचे हे सांगणारे तुम्ही कोण?’ असा सवाल यावर होईल. त्यास आमचे उत्तर सरळ आहे. फोंतेन्हासमधील एका खोलीला पाहुणा जे मोल देतो, ते केवळ त्या खोलीचे नसते. तसल्या चार भिंती त्याला कोठेही मिळतील. तो मोल देतो ते गल्लीचे, शेजारच्या ओटीवर बसलेल्या आजीचे, पहाटे ऐकू येणाऱ्या पावाच्या भोंग्याचे आणि कपेलातल्या घंटेचे. ही मिळकत एका मालकाची नाही, ती सर्व शेजाऱ्यांनी मिळून पिढ्यानपिढ्या साठविली आहे. तिच्यावर उत्पन्न घेणाऱ्याने तिच्या राखणीचा भार उचलला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे. शेजार उठून गेला, तर त्या खोलीचे मोलही त्याच्यामागोमाग जाईल.

खोताच्या वाडीतली गेलेली घरे आता परत येणार नाहीत. फोंतेन्हासच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही. तेथे अजून दिवेलागणीला खिडक्यांतून उजेड दिसतो. तो उजेड टिकवावयाचा असेल, तर गोव्याच्या विधानसभेने, पणजीच्या महापालिकेने आणि घरांच्या वारसांनी पुढच्या रंगाचा खर्च ठरविण्यापूर्वी, या घरात उद्या राहणार कोण, हा प्रश्न एकमेकांस विचारावा. त्याचे उत्तर मिळाल्यावर रंग कोणताही द्यावा.