निवारण, निर्मूलन, उच्छेद

डॉ. आंबेडकरांच्या इंग्रजी ग्रंथांचा मराठीतून अभ्यास करणाऱ्यांपुढे 'रिमूव्हल', 'अ‍ॅबोलिशन' आणि 'अ‍ॅनिहिलेशन' हे तीन जवळचे शब्द वारंवार येतात. तिन्हींसाठी सरसकट 'निर्मूलन' लिहून पुढे जाण्याची सवय पदव्युत्तर वर्गापासून प्रबंधापर्यंत रूढ झाली आहे. एवढ्याशा शब्दभेदाने काय बिघडते, असे निदान छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, तरी कोणी विचारू नये. १९७८ साली विधिमंडळाने ठराव केला तो विद्यापीठाच्या 'नामांतरा'चा. १४ जानेवारी १९९४ रोजी पदरी पडला तो 'नामविस्तार'. इंग्रजीत दोहोंची बोळवण 'रीनेमिंग' या एकाच शब्दावर होते. ज्यांची घरे त्या ठरावानंतर जळाली, त्यांना हा शब्द पुरेसा वाटणार नाही.

'रिमूव्हल'साठी 'निवारण' हा जुना प्रतिशब्द आहे. १९१८ साली महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकाराने मुंबईत भरली ती अस्पृश्यता निवारण परिषद. निवारण पीडेचे होते, तंट्याचे होते. पीडा टळली तरी घर पूर्वीचेच राहते. 'अ‍ॅबोलिशन' ही कायद्याची क्रिया होय. संविधानाच्या १७व्या अनुच्छेदात अस्पृश्यतेसंबंधी तेच क्रियापद आहे आणि ते तेथे उचितच आहे, कारण आचरणावर बंदी घालणे कायद्याच्या आवाक्यातले असते. जातीसंबंधी मात्र १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन' हा शब्द योजला गेला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे न झालेले ते भाषण आंबेडकरांनी स्वतः प्रसिद्ध केले. मंडळाच्या नावात 'तोडणे' होते. भाषणाच्या शीर्षकात त्याहून पुढचे होते. लॅटिन 'निहिल' म्हणजे काहीच नसणे, आणि तेच या शब्दाच्या पोटात आहे.

अनुवादांतून परिचित झालेला 'विध्वंसन' हा प्रतिशब्द जोरकस आहे. धर्मशास्त्रांना सुरुंग लावण्याची भाषा त्याच भाषणात असल्याने त्याला आधारही आहे. परंतु जात ही विटांची भिंत नव्हे, ती मनाची एक अवस्था आहे, असेही तेथेच सांगितले आहे. विध्वंस भिंतीचा होतो. समजुतीचा कसा व्हावा?

या दृष्टीने 'उच्छेद' अधिक जवळचा ठरतो. बौद्ध परंपरेतील 'उच्छेदवादा'ला इंग्रजीत 'अ‍ॅनिहिलेशनिझम' म्हणतात, आणि बुद्ध उच्छेदवादी होते काय, या प्रश्नाची चर्चा आंबेडकरांनीच १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्धा अँड हिज धम्मा'त केली आहे. पाली परंपरेत लोभ, द्वेष व मोह यांच्या उच्छेदाचा उपदेश बुद्धाच्या तोंडी आहे, म्हणजे तेथेही विषय मनाच्या अवस्थांचाच. १९३६ साली हा धागा लेखकाच्या मनात होता, असा दावा करण्याचे कारण नाही. आजच्या अनुवादकाला तो उपलब्ध आहे, एवढेच.

'उच्छेद' सामान्यांना दुर्बोध वाटतो आणि विद्यार्थी त्याचा 'उच्छाद' करतात, हा आक्षेप खराच आहे. मोर्चाच्या फलकावर 'निर्मूलन' राहू द्यावे. प्रबंधात मात्र तो शब्द येईल तेथे मूळ इंग्रजी शब्द तिघांपैकी कोणता, हे मार्गदर्शकाने विचारलेच पाहिजे.