जुनी मोटार आणि मालकाचा हात

जुन्या आलिशान मोटारीस तज्ज्ञ कारागिराखेरीज कोणी हात लावू नये, असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. १९६५ साली इंग्लंडमध्ये अवतरलेली रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो हिचेच उदाहरण घ्यावे. तिच्या ब्रेकमधील द्रव हवेतील बाष्प शोषतो. डॉट ३ या प्रतीचा कोरडा द्रव निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे बंधन आहे. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले, की ही मर्यादा १४० अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापून द्रवाची वाफ झाली, तर पायाखालचा जोर त्या वाफेला दाबण्यातच खर्ची पडतो. गाडी नुसती उभी ठेवली तरी बाष्प शिरतेच आणि आतील पोलाद गंजते. हौशी मालकांना नेमके हेच पटत नाही. बाहेरचे रोगण मात्र ते रोज पुसतात!

द्रवाची पातळी पाहणे, नळ्यांची गळती शोधणे, द्रव बदलल्याची तारीख वहीत टिपणे, ही कामे मालकाचीच होत. टाकीत काय ओतावे हेही त्याने जाणले पाहिजे. १९८० च्या सिल्व्हर स्पिरिटमध्ये खनिज तेल चालते. तेच शॅडोत ओतल्यास रबरी सील फुगून निकामी होतात. परंतु दाबाच्या नळ्या उघडण्याचे धाडस त्याने करू नये. इंजिन बंद असतानाही त्यांत वातावरणाच्या शंभर पटींहून अधिक दाब साठलेला असू शकतो. तेथे कारागीरच हवा.