मंगळावरची व्हायोलिनं

परवा रात्री आष्टीत लाइट गेली, म्हणून गच्चीवर अंथरूण टाकलं आणि जेफ वेननं १९७८ साली केलेलं ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ कानाला लावलं. हे संगीत सिनेमाचं नाही बरं का, एच. जी. वेल्सच्या १८९८ च्या कादंबरीवर बांधलेलं आहे. रिचर्ड बर्टनचं जड आवाजातलं निवेदन संपतं न संपतं, तोच व्हायोलिनांचा अख्खा ताफा अंगावर येतो. कादंबरीतल्या मंगळवासीयांची आरोळी गिटारमधून काढलीय. अर्धी घशातली वाटते, अर्धी लोखंडातली. ती ऐकून अजूनही काटा येतो. मधली एक-दोन गाणी उगाच लांबलीत, ती मी सरळ पुढं ढकलतो. आपल्या जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीला असं संगीत कुणी दिलं तर? जमिनीखाली पुरातन ठेवा सापडतो तिथं नुसता चेलो, खर्जातला. आणि यंत्रमानव वामन जागा होतो तिथं वाद्यवृंद गप्प. फक्त गोंधळ्याचं संबळ, घाईला आलेलं. ही जुळवाजुळव चालली असतानाच मोबाइल बंद पडला. लाइट अजून यायचीच होती.