सूरह निसा वाचताना

रमजानमध्ये रोज एक पारा धरला, तर चौथ्या दिवशी सूरह निसा सुरू होते. म्हणजे नेमाने खतम करणारा प्रत्येक भाऊ दरवर्षी चौथ्या रोजाला बहिणीच्या हिश्शाची आयत वाचतो. वाचतो, आणि पाचव्या पाऱ्याकडे वळतो.

आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला आलो की मुंबई-गोवा महामार्ग लागतो. रस्त्यासाठी जमीन जाते, मोबदला येतो, तेव्हा वारसांच्या सह्या लागतात. मग ईदेलाही जिची आठवण झाली नाही, त्या बहिणीला निरोप जातो. सोबत हक्कसोडपत्राचा कागद. हे सगळ्याच समाजांत चालते, मान्य. पण आपल्या घरात रेहलीवर कुरआन आहे, म्हणून आपल्याच घरांविषयी बोललेले बरे.

ही आयत समजून वाचली की मन लगेच वकिली सुरू करते. तिच्या लग्नात खर्च केला. भाऊजींचे बरे चालले आहे. तिने स्वखुशीने सोडले. असे पटवणाऱ्या मनाला, नफ्से अम्माराला, कुरआनने सूरह यूसुफमध्ये नाव दिले आहे. त्याच वेळी आत काहीतरी टोचते. ती नफ्से लव्वामा. सूरह कियामाच्या आरंभी अल्लाहने तिची शपथ घेतली आहे. समाधान पावलेली नफ्से मुत्मइन्ना सूरह फज्रच्या अखेरीस येते. वाजात या तिघी तीन पायऱ्या म्हणून सांगतात. आम्हाला वाटते, पहिल्या दोघी एका दुपारी, एकाच सातबाऱ्यासमोर भेटतात. बगदादचे हारिस अल-मुहासिबी (मृत्यू इ.स. 857) यांना ‘मुहासिबी’ हे नावच मनाचा हिशेब घेण्यावरून पडले. सूरह रअदच्या अकराव्या आयतीत लोकांची दशा पालटणे त्यांच्या आतल्या पालटाशी जोडले आहे, ते याच हिशेबाने सुरू होते.

राहिली ‘स्वखुशी’. आमच्या मते तिची परीक्षा सोपी आहे. आधी फेरफार बहिणीच्या नावे करावा, ताबा द्यावा. त्यानंतर तिने हिबा केला, तर ती खुशी. माहेर तुटेल या धास्तीने केलेली सही खुशी कशी? आणि आयांनो, मुलींना ही धास्ती बहुधा आपणच शिकवतो.

यंदा चौथ्या पाऱ्याचा तो भाग मुलगे-मुली दोघांना बसवून मराठी तर्जुम्यासह वाचावा आणि लगेच गणित घालावे. बापामागे 32 गुंठे, एक मुलगा, दोन मुली, दुसरा वारस नाही. कर्ज नाही, वसीयत नाही. मुलाला 16, मुलींना आठ-आठ. आई हयात असेल तर आधी तिचा आठवा हिस्सा, चार गुंठे. उरलेल्यातून मुलाला 14, मुलींना सात-सात. उत्तर मुलीकडून आधी घ्यावे.