फिजीला जाताय? मग 'ङ' घेऊन जा!

"फिजीत इंग्रजी चालतं, हिंदीही चालते. मग फिजियन शिकायची कशाला?" आमच्या ऑफिसात फिरायला जायचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. माझं मत उलट आहे मंडळी. हिंदी चालते म्हणूनच शिकायची!

१८७९ ते १९१६ या काळात सुमारे ६० हजार गिरमिटिये भारतातून तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेले. तिथली हिंदी त्यांची. मूळ इतौकेई लोकांची भाषा मात्र वेगळी. १९८७ आणि २००० साली तिथे सत्ता उलथवली गेली, त्यामागे या दोन समाजांतली तेढही होती. आपण फक्त हिंदीच बोललो तर अर्धा देश न बोलताच राहतो.

शिकायचंय किती? भेटल्यावर 'बुला', आभाराला 'विनाका', निरोपाला 'मोदे', होकाराला 'इओ', नकाराला 'सेङा'. बस्स! फक्त रोमन स्पेलिंगच्या नादी लागू नका. तिथे 'डी' म्हणजे 'न्ड', 'जी' म्हणजे 'ङ' आणि 'सी'चा उच्चार 'द'च्या जवळचा. विमान उतरतं ते 'नाडी'ला नव्हे, 'नान्दी'ला! म्हणून शब्द देवनागरीत लिहून घ्या. 'वाङ्मय' सोडलं तर बेकार बसलेल्या आपल्या 'ङ'लाही काम मिळेल.

पाच शब्दांत भाषा येत नाही, कबूल. पण तुर्भ्याच्या एपीएमसीत परराज्यातल्या गिऱ्हाईकाने "दादा, केवढ्याला?" विचारलं की भाजीवाला कसा खुलतो ते बघा. इतौकेई माणूस वेगळा कशाला असेल? काय म्हणता?