तेरा नंबरची जादू

ताई हे वाचणार आणि मला फोन करणार, हे माहीत असूनही लिहितोय. विषय तिच्या चिरंजीवांच्या, म्हणजे आमच्या भाच्याच्या ट्यूनरचा आहे.

२०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हापासून साहेब पार वेडे झालेत. आधी एअर रायफल, आता पॉइंट टू-टू. इथवर ठीक. पण मध्यंतरी त्याने बापाच्या मागे लागून बॅरलच्या तोंडाशी बसवायचा एक ट्यूनर आणवला. मागेपुढे फिरवता येणारं, आकडे कोरलेलं एक वजन. किंमत विचारू नका.

कल्पना खोटी नाही, हे आधीच कबूल करतो. गोळी सुटताना बॅरल थरथरतं. सगळ्या गोळ्यांचा वेग सारखा नसतो. हळू गोळी किंचित उशिरा बाहेर पडते. त्या क्षणी बॅरलचं तोंड वर चाललेलं असेल, तर तिला थोडी उंची मिळते आणि ती वेगवान गोळीच्या जवळच जाऊन बसते. वजन सरकवून ही वेळ जुळवायची, एवढंच ते गणित. पूर्वीच्या ली-एनफिल्ड रायफलींना लांबच्या पल्ल्यावर हा फायदा आपोआप मिळायचा.

माझं भांडण आहे ते सेटिंग शोधण्याच्या पद्धतीशी. वीस आकडे, प्रत्येकावर पाच गोळ्या, जो ग्रुप सगळ्यात लहान तो आकडा आपला! भाच्याने एका रविवारी हेच केलं. रायफल टेकूवर, दोन डब्या संपल्या. सर्वात मोठा ग्रुप २३ मिलिमीटर, आणि १३ नंबरवर फक्त ८. घरी पेढे वाटायचेच बाकी होते.

पुढच्या रविवारी मी म्हटलं, आता ट्यूनर १३ वरच घट्ट कर. हात लावायचा नाही. पुन्हा पाच-पाचचे वीस ग्रुप मार. मारले. सर्वात लहान ९, सर्वात मोठा २४. सरासरी दोन्ही रविवारी साधारण १५! मधे काहीही न बदलता. हे जर वीस वेगवेगळे आकडे समजलो असतो, तर त्या दिवशी ७ नंबर जादूचा ठरला असता.

पाच गोळ्यांचा ग्रुप म्हणजे पत्त्यांतले पाच पत्ते. एकदा चांगला हात आला म्हणून कॅट बदलला असं होत नाही. खरंच तपासायचं तर दोनच सेटिंग घ्या, आलटूनपालटून दहा-दहा ग्रुप मारा आणि एकही गोळी 'ही चुकून गेली' म्हणून वगळू नका. मग फरक उरला तर मी स्वतः पेढे आणीन.

या बाबतीत मझल ब्रेक बरा. मोठ्या काडतुसांच्या रायफलींना बसवतात तो. त्याच्या भोकांतून वायू बाजूला फेकला जातो आणि खांद्याला बसणारा धक्का लगेच कमी होतो. पुरावा खांद्यालाच मिळतो. किंमत मात्र शेजारच्याचे कान मोजतात. १९९०च्या दशकात ब्राउनिंगने बॉस नावाने ट्यूनर आणि ब्रेक एकत्र विकले, आणि नंतर आवाजाला कंटाळलेल्यांसाठी बिनभोकांचा बॉसही काढावा लागला. आंतरराष्ट्रीय रायफल स्पर्धांत ब्रेकला बंदीच आहे. पॉइंट टू-टूला तसाही धक्का असतो कुठे?

यावर भाच्याचं उत्तर तयार असतं : 'मामा, चॅम्पियनसुद्धा ट्यूनर वापरतात.' वापरतात ना. पण ते हजारो गोळ्या मारून, आधी आपल्या बॅरलला कुठला लॉट मानवतो ते बघून. एली, लापुआ यांच्या चाचणी-केंद्रांत रायफल शिकंज्यात धरून लॉटमागून लॉट तपासतात. तिथे बोललो असतो तर पैसे कारणी लागले असते.

'निदान आत्मविश्वास तरी वाढतो ना?' हे ताईचं म्हणणं. हाच मुद्दा मला जास्त झोंबतो. जिल्हा स्पर्धेत पोराला अकराव्या गोळीला पहिला नऊ लागला. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. कडेचा हलका वारासुद्धा गोळीला त्याबाहेर नेतो. पोराने वाऱ्याच्या झेंडीकडे बघायला हवं होतं. त्याने ट्यूनरकडे बघितलं. आणि फिरवला! पुढचं सांगत नाही.

त्याचा हात चांगला आहे हो. श्वास शांत आहे. तो हे सगळं त्या लोखंडी नळकांड्याच्या नावावर लिहून मोकळा झालाय, याचं वाईट वाटतं. विकत आणलेला आत्मविश्वास पहिल्या नऊला उडतो.

असो. ट्यूनर फेकू नकोस, बाळा. १३ वर घट्ट करून ठेव आणि वर्षभर विसरून जा. ताई, आता कर फोन.